चर्चा: टीममध्ये विविधता आली की सॉफ्टवेअर जबाबदार होतं का?

अर्धविराम
'नैतिक सॉफ्टवेअर हवं तर टीममध्ये विविधता आणा' हे हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला ते अपुरं वाटतं. २०१५ साली उघडकीला आलेलं फोक्सवॅगन प्रकरण घ्या. गाडी चाचणीला लावली आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण-नियंत्रण पूर्ण चालवायचं. सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. यात नजरचूक कुठेच नव्हती, जे केलं ते जाणूनबुजून केलं. दहा तऱ्हेची माणसं घेतलीत आणि रिलीज अडवायचा अधिकार एकालाही दिला नाहीत, तर काय उपयोग?

सांधा
लबाडी आणि नजरचूक ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. रोजचं नुकसान नजरचुकीने जास्त होतं. नावाचा रकाना २० बाइटचा (बाइट म्हणजे साठवणुकीचं एकक) ठेवला, रोमन लिपीत २० अक्षरं आरामात बसली, टेस्ट पास. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत) ३ बाइट घेतं. 'लक्ष्मी' म्हणजे ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी: ७ चिन्हं, २१ बाइट. डेटाबेस कडक असेल तर नोंदच नाकारतो. कोडने बाइट मोजून कापलं तर वेलांटीचा तिसरा बाइट जातो आणि नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. रोज देवनागरीत लिहिणारं कुणी कोडच्या रिव्ह्यूला असेल तर हे कोड मुख्य प्रोग्रॅममध्ये मर्ज होण्याआधीच पकडलं जातं.

अर्धविराम
त्याला माणूस कशाला? मर्यादा बाइटऐवजी अक्षरांत मोजा. टेस्ट डेटात जोडाक्षरं, आडनाव नसलेली व्यक्ती, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी घाला. एकदा सीआयमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, गेलं की टीम बदलली तरी तपासणी टिकते.

चौथा_कोपरा
टिकते, पण यादीत पहिल्यांदा घालणार कोण? जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास बघा. चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकूण अचूकतेच्या एका आकड्यात हे सगळं दडून गेलं होतं. आणि बुओलाम्विनींना हा प्रश्न सुचला तो त्यांचा स्वतःचा चेहरा सॉफ्टवेअरला दिसेना, पांढरा मुखवटा लावल्यावर दिसला, म्हणून.

अर्धविराम
प्रश्न त्यांना सुचला हे शंभर टक्के मान्य. पण दुरुस्ती कशाने होते? गटवार आकडे काढल्याने. म्हणून माझा आग्रह असा: प्रत्येक मॉडेलसोबत गटवार चुकांचा तक्ता, आणि सर्वांत वाईट गट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर बिल्ड फेल, म्हणजे ते मॉडेल पुढे जाणारच नाही. नाहीतर होतं काय, की 'तू त्या गटातली, तूच बघ' म्हणून एकाच व्यक्तीच्या डोक्यावर सगळ्या तपासण्या बसतात, तेही तिचं नेमून दिलेलं काम सांभाळून. हा अन्याय विविधतेच्या नावाखाली सर्रास चालतो आणि त्यावर कुणी बोलत नाही.

सांधा
या शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. तरीही थेरॅक-२५ विसरू नका. १९८५ ते ८७ दरम्यान या किरणोपचार यंत्रातून रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण मिळण्याचे सहा अपघात झाले. टेक्सासमधल्या टायलरला ऑपरेटरने चुकून 'एक्स' (क्ष-किरण) टाइप केलं आणि लगेच 'ई' (इलेक्ट्रॉन) असं दुरुस्त केलं. यंत्रातले किरण वळवणारे चुंबक जुळवायला सुमारे ८ सेकंद लागत, त्या अवधीत केलेला बदल प्रोग्रॅमला कळतच नव्हता. उत्पादकाच्या लोकांना हा दोष पुन्हा घडवून दाखवता येईना. रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने मिळून तो घडवला, कारण खरी मेख टायपिंगच्या वेगात होती. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच दोष होता, पण तिथलं हार्डवेअर इंटरलॉक (सॉफ्टवेअर चुकलं तरी किरण रोखणारी यंत्रातली वेगळी सुरक्षा-योजना) वाचवत होतं. नव्या यंत्रात ते काढून टाकलं.

अर्धविराम
मग हा मुद्दा भरतीचा राहत नाही, स्वीकार-चाचणीचा होतो. रोज वापरणाऱ्यांना त्यांच्या वेगाने, त्यांच्या साधनांवर बसवा.

चौथा_कोपरा
चाचणीपर्यंत आराखडा गोठलेला असतो. इंटरलॉक काढायचं ठरलं तेव्हा तशी ऑपरेटर बैठकीत हवी होती, आणि तिचा नकार बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून, त्याला उत्तर मिळेपर्यंत काम पुढे न नेण्याचा नियमही हवा होता.