मीटरगेज वायपीच्या मॉडेलचे साइड रॉड जाम होतायत, मदत हवी आहे

खानापूरकर
नमस्कार मंडळी. मीटरगेजच्या वायपी या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करतोय, प्रमाण १:२२.५, रूळ ४५ मिमीचा. (१००० ला २२.५ ने भागलं की ४४.४ येतं, म्हणून बाजारातला ४५ चा रूळ चालून जातो.) इंजिन ४-६-२, म्हणजे रॉडने जोडलेली चाकं तीन जोड्या. बॅटरीवर चालवायचंय, त्यामुळे चाकांना इन्सुलेशनची भानगड नाही. मोटर मधल्या ॲक्सलवर, वर्म गिअरने. साइड रॉड (चाकं एकमेकांना जोडणारे) माइल्ड स्टीलच्या पट्टीचे, प्रत्येक बाजूला दोन तुकडे, मधल्या पिनेपाशी सांधलेले. पिना ४ मिमी, भोकं ४.१, क्रँक (ॲक्सलच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर) १३.५.

वर्म बाजूला काढून ठेवलाय. रॉड नसताना तिन्ही ॲक्सल बोट लावलं की फिरतात. रॉड लावले की एका फेऱ्यात चार ठिकाणी अडतं. जोर लावला तर 'कट्' करून पुढं जातं. अडतं तेव्हा डावी पिन वर-पुढं तिरकी असते आणि उजवी खाली-पुढं. पिना सरळ आडव्या किंवा उभ्या असताना काही त्रास नाही.

गावातले मेस्त्री म्हणतात, ४.५ चं ड्रिल मारून टाका, मोकळं होतंय. मारू का? लोंढा-मिरज मार्ग नव्वदच्या दशकातच ब्रॉडगेज झाला, त्यामुळं खरं इंजिन बघून यायचं म्हटलं तरी इथं सोय नाही.

निपाणीकर_फिटर
ड्रिल ठेवा बाजूला. भोक मोठं केलं की चाक फिरंल, पण रोग तसाच राहील आणि रॉड खडखडतील ते वेगळंच.

आधी एकाच बाजूचे रॉड लावून बघा. हवेत धरून नको, रुळावर ठेवून ढकला. हवेत डेड सेंटरला (पिना ॲक्सलच्या रेषेत आडव्या आल्या की) एखादं चाक उलटं फिरतंय आणि माणूस उगीच घाबरतोय. डावीकडचे एकटे, मग उजवीकडचे एकटे. दोन्ही वेळा मऊ चाललं आणि दोन्ही मिळून लावल्यावर अडलं, तर रॉड निर्दोष, क्वार्टरिंग चुकलंय, म्हणजे एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या पिनांमधला काटकोन सगळ्या ॲक्सलना सारखा नाही.

लेथवाला_उद्यमबाग
निपाणीकर अण्णांनी बरोबर सांगितलंय. तिरक्या जागी अडणं ही क्वार्टरिंगचीच खूण. पिना आडव्या आल्यावर अडलं असतं तर मी रॉडकडं बोट दाखवलं असतं, कारण तिथं चाक थोडं मागं-पुढं होऊन लांबीतला फरक गिळू शकत नाही.

त्या केसमध्येही घाईनं भोक कोरू नये. रॉडचं एक टोक सोडवायचं, दोन्ही पिना ॲक्सलच्या मध्यरेषेवर आणायच्या, आधी पुढच्या डेड सेंटरला आणि मग मागच्या. दोन्हीकडं भोक पिनेच्या एकाच अंगाला पडत असेल तर रॉडची लांबी चुकली. एकदा पुढं आणि एकदा मागं पडत असेल तर दोन चाकांचे क्रँक सारखे नाहीत. मग रॉड कितीही कानशीनं घासा, एकीकडं सुटंल आणि दुसरीकडं आवळंल.

आता तुमचा हिशोब. क्रँक १३.५ म्हणजे एक अंश चुकला की पिन जवळजवळ पाव मिलिमीटर सरकते. भोकात मोकळीक आहे ०.१. जागा कुठून मिळणार?

खानापूरकर
करून बघितलं. डावे एकटे मऊ, उजवे एकटे मऊ. दोन्ही लावले की जाम. आता तिन्हीतली कुठली जोडी चुकलीय ते कसं कळणार?

निपाणीकर_फिटर
तुमचे रॉड दोन तुकड्यांत आहेत, तेच कामाला येतंय. मागचे तुकडे दोन्ही बाजूंनी काढा, फक्त पुढची आणि मधली जोडी चालवा. मग पुढचे काढून मधली आणि मागची. सांधा नसलेला अख्खा रॉड असता तर ही चाचणी जमली नसती.

खानापूरकर
पुढची-मधली लोण्यासारखी. मधली-मागची लावली की तोच 'कट्'. म्हणजे मागचा ॲक्सल. चाक ॲक्सलवर प्रेस करून रिटेनरनं (धातूच्या गोंदानं) चिकटवलंय. काटकोन अचूक साधायला काय वापरू? डायल गेज नाही माझ्याकडं.

लेथवाला_उद्यमबाग
अचूक ९० लागतच नाही. ८९ असो की ९१, तिन्ही ॲक्सलना सारखंच पाहिजे. म्हणून गेजपेक्षा जिग (प्रत्येक ॲक्सल एकाच स्थितीत धरणारा साचा) महत्त्वाचं. जाड सपाट प्लेटवर दोन व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे), त्यात ॲक्सल. डाव्या पिनेला खालून टेकायला एक ठोकळा, उजव्या पिनेला बाजूनं टेकायला दुसरा. पुढचा ॲक्सल आधी त्यात बसवून ठोकळे पक्के करा, मधलाही तसाच टेकतो का बघा. मग त्याच जिगमध्ये मागचा.

चाक सोडवताना टॉर्चनं हब गरम करा, रिटेनर मऊ पडतं. ओढायला पुलर वापरा, हातोडी मारली की ॲक्सल वाकतो. जुना गोंद पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा लावू नका.

खानापूरकर
जमलं. मागची जोडी जिगमध्ये बसवली, रिटेनर रात्रभर वाळू दिलं. सगळे रॉड लावून चेसिस उतारावर सोडली तर कुठंही न अडता खाली गेली. भोकं ४.१ चीच आहेत.

एक नवीन कटकट: मेन रॉड (पिस्टनकडून चाकाकडं येणारा) लावून बघितला तर पुढच्या पिनेचा नट क्रॉसहेडच्या (पिस्टन रॉडच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याच्या) पाठीला लागतोय.

निपाणीकर_फिटर
तिथं नट नकोच. पुढच्या पिनेला आतून आटे पाडा आणि पातळ डोक्याचा काउंटरसंक स्क्रू लावा, डोकं रॉडमध्ये बुडालं पाहिजे. तरी घासलं तर पुढच्या ॲक्सलचा बाजूचा प्ले (आडवी मोकळीक) वॉशर घालून कमी करा. वळणावर ॲक्सल बाहेर सरकतोय, तेव्हा सरळ रुळावर बघून समाधान मानू नका.