थायलंडला लहान मुलांना इंग्रजी शिकवायला जायचंय: कोर्स कोणता, गाव कोणतं?

विश्रामबाग_२७
नमस्कार. मी सांगलीची, वय २७. शिवाजी विद्यापीठातून बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. चार वर्षं इथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा जायचं ठरवलंय. दोन ठिकाणी बोलणं झालंय. एक बँकॉकची एजन्सी, पगार ३०,००० बात, शाळा कोणती ते तिथं पोचल्यावर सांगणार. दुसरी खोन केनमधली खाजगी शाळा, पगार २५,०००, राहायला खोली आणि वर्क परमिट शाळा काढून देणार.
कोर्स आणि कागदपत्रं मिळून माझ्याकडे ४०,००० रुपये आहेत, त्यापुढे एक रुपयाही नाही. टीईएफएल, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स, करू का? बँकॉक की खोन केन? आणि सुट्टीच्या दिवशी तिथं काय करता तेही सांगा. नुसतं खोली-शाळा-खोली करायला मला जायचं नाही. मी शाकाहारी आहे, सायकल चालवते.

मिरज_जंक्शन
ताई, सेल्टा कर, केंब्रिजचा इंग्रजी शिकवायचा कोर्स. बाकी सगळं वाया. माझे लाखाच्या वर गेले, पण एक रुपया वाया गेला नाही. १२० तास, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर. दुसऱ्याच तासाला मागे बसलेल्या ट्रेनरनी घड्याळ लावून मोजलं, ४० मिनिटांत २६ मिनिटं मीच बोलत होतो. त्यांनी वहीत तेवढा आकडा लिहिला आणि वही माझ्यासमोर सरकवली. त्या दिवसापासून माझं शिकवणंच बदललं. आज हनोईत आहे. तूही व्हिएतनामला ये, पैसे जास्त मिळतात. कर्ज काढ, पण सेल्टा कर.

विश्रामबाग_२७
दादा, ४०,००० आहेत आणि त्यातच कागदपत्रंही आहेत.

कुपवाड_फाटा
कोरिया बघा मॅडम. भारत-कोरिया करार २०१० पासून लागू आहे, त्यात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी सोय आहे. माझा मेहुणा सोलमध्ये कंपनीत आहे, तो सांगत होता तिथं शिक्षकाला फार मान. थायलंडला जाऊन काय मिळणार?

कृष्णाकाठ
कुपवाड दादा, पूर्ण माहिती द्या. कोरियातले खाजगी क्लास ज्या ई-२ व्हिसावर शिक्षक घेतात तो सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. करारातली सोय सरकारी शाळांतल्या सहायक शिक्षकापुरती आहे.

कुपवाड_फाटा
मी सोय आहे एवढंच म्हणालो. करार आहे हे खरं आहे ना?

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. मी १२० तासांचं ऑनलाइन टीईएफएल केलं, ११,००० रुपये. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, पीडीएफ डाउनलोड करा. एकाही मुलासमोर उभं राहावं लागलं नाही. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "मूल रडायला लागलं आणि वर्गात बाकी ३८ आहेत, काय कराल?" त्या प्रमाणपत्रात याचं उत्तर नव्हतं. माझ्या आधीच्या बालवाडीच्या नोकरीत होतं. ते ११,००० आजही डोक्यातून जात नाहीत.

तासगाव_बेदाणा
पोरी, त्या एजन्सीचं नाव सोड. शाळा कंची ते न सांगता माणूस बोलावत्यात म्हंजे काय? आमच्या शेजारच्या गावातल्या पोराला असंच बँकॉकला कॉम्प्युटरचं काम म्हणून नेलं. विमानतळावरनं गाडीत घातलं, सीमेवरच्या मे सोतवरनं नदी पार करून म्यानमारात म्यावाडीला. पासपोर्ट काढून घेतला. फोनवर लोकांना फसवायचं काम. घरच्यांनी म्हशी विकल्या तवा सुटला. सरकारनं २०२२ पासून सूचना काढल्यात, वाच. एजंट सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर नोंदलेला हाय का न्हाई बघितल्याबिगर कुणाला एक पैसा देऊ नको.

मिरज_जंक्शन
म्हणून म्हणतो, सेल्टा असलं की एजंट लागतच नाही.

कृष्णाकाठ
तीन वर्षं थायलंडमध्ये होते, दोन कोराटला, एक बँकॉकला, म्हणून सविस्तर लिहिते.
ताई, तुझ्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद बी.एड.चा आहे. तिथं परदेशी शिक्षकालाही गुरुपरिषदेचा, म्हणजे तिथल्या शिक्षकांच्या परिषदेचा, शिकवण्याचा परवाना लागतो. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना तात्पुरत्या सवलतीवर दिवस काढावे लागतात, टीईएफएल कितीही असू दे. तू त्या रांगेत नाहीस. मिरज दादांचा सेल्टा उत्तम आहे, पण त्यातले सरावाचे वर्ग मोठ्या माणसांचे असतात. तुला सहा वर्षांची पोरं सांभाळायचीत आणि ते तू चार वर्षं करतेयस.
आपण इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशाचे, म्हणून शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, बहुतेक ६०० च्या वर, ९९० पैकी. पैसे त्यावर घाल. दुसरा खर्च पदवीच्या अटेस्टेशनचा, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के घेण्याचा. माझ्या वेळी नुसतं अपॉस्टील (परदेशासाठीचं प्रमाणीकरण) चाललं नाही, परराष्ट्र खात्यानंतर थाई दूतावासाचाही शिक्का लागला. त्यात सहा आठवडे गेले, तेव्हा आजच सुरू कर. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्टच्या पोर्टलवरूनच निघतो. आणि नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हातात पडल्याशिवाय विमानात बसू नकोस. "पर्यटक म्हणून या, मग बदलू" म्हणणाऱ्यांनी मला पहिल्या वर्षी व्हिसा काढायला लाओसमध्ये व्हिएन्तियानला पाठवलं. दोन दिवस रांगेत, खर्च माझा.
सगळ्यात मोठी चूक माझीच. दिवाळीला घरी आले आणि निघताना री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच व्हिसावर परत येण्याची परवानगी, काढलं नाही. एका वेळचं १,००० बात. परतले तर व्हिसाची मुदतवाढ रद्द झालेली. इमिग्रेशनच्या बाईंनी शिक्क्यावर बोट ठेवलं, मान हलवली. व्हिसा, वर्क परमिट सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुठंही जा, शेजारी लाओसला जा, आधी ते परमिट. आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, भिंतीवर तारीख लिहून ठेव.

अजिंक्यतारा
टोइकबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. एवढं माहीत असतं तर ११,००० वाचले असते.

पलूस_स्टेशन
सगळे पैशाचंच बोलताय. त्याच वर्गाला त्याच पुस्तकातून शिकवणाऱ्या इंग्लंडच्या पोराला ४०,००० आणि आपल्याला २५,०००, हे कुणी बोलणार की नाही? माझ्या शाळेत त्या पोराला व्याकरण मी समजावून सांगायचो. पासपोर्ट बघून पगार. दोन वर्षं सोसलं, मग परत आलो. राग अजून आहे.

कृष्णाकाठ
राग रास्त आहे. मीही तेच बघितलं.

हळद_पेठ
शाकाहारी असशील तर नीट ऐक. तिथं भाजीतही फिश सॉस असतो. एक शब्द पाठ कर, "जे". पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरात ज्या खाण्याच्या गाड्यांवर ते लिहिलेलं असतं तिथं मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नाही. आणि भडंगाचा मसाला घेऊन जा, चुरमुरे तिथले वापर. माझी मुलगी दोन किलो भडंग घेऊन गेली, दमट हवेत पंधरा दिवसांत मऊ पडलं.

मिरज_जंक्शन
भडंग हवाबंद डब्यात न्यायचं असतं. आम्ही हनोईला नेतो, काही होत नाही.

हळद_पेठ
हनोईचं हनोईला. मी खोन केनच्या बाजूचंच सांगतेय, मुलगी तिथं होती.
ताई, बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटरवरचं शहर आहे. गावातच बुंग केन नाखोन नावाचं मोठं तळं आहे. संध्याकाळी निम्मं गाव तळ्याकाठी: कुणी पळतंय, कुणी सायकलवर, एकीकडे स्पीकर लावून बायकांचं एरोबिक्स. काठावर नऊ मजल्यांचा स्तूप आहे, वर चढून बसलं की सगळं शहर दिसतं. तुझी सायकल तिथं रोज लागेल. लॉय क्राथोंग बहुतेक आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतो. केळीच्या खोडाची चकती, भोवती दुमडलेली केळीची पानं, मध्ये मेणबत्ती, उदबत्ती, फुलं, आणि पाण्यात सोडायचं. मुलीनं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी कृष्णेच्या घाटावरून दिवे सोडून नुकतीच घरी आले होते. दोघीही काही बोललो नाही, नुसतं बघत बसलो.

कृष्णाकाठ
आणि जूनमधला वाय ख्रू चुकवू नकोस, गुरुवंदनेचा दिवस. मुलं गुडघ्यावर रांगत येतात आणि पायाशी फुलांचं तबक ठेवतात. त्यात दूर्वा असतात आणि वांग्याची फुलं. दूर्वा बघून मला सांगलीचा गणपती आठवला. वर्गात एक लक्षात ठेव, शब्दाच्या शेवटचा "ल" त्यांच्या तोंडी "न" होतो, "बॉल"चा "बॉन". चूक म्हणून रागावू नकोस, आरशासमोर जीभ दाखवून खेळ कर.

कुपवाड_फाटा
तरी कोरियाचा विचार करून बघा.

कवठे_महांकाळ
धागा पूर्ण वाचला नाही, पण माझं मत सेल्टाच. आणि बँकॉकच, मोठ्या शहरात संधी.

मिरज_जंक्शन
बघ, दोन मतं झाली.

विश्रामबाग_२७
सगळ्यांचे आभार. एजन्सीला काल नाही म्हणून कळवलं. तासगावकाका, ई-मायग्रेटवर शोधलं, त्यांचं नाव नाही.
कोर्स कुठलाच करत नाही, सेल्टाही नाही आणि ऑनलाइनही नाही. कृष्णाकाठ ताई, टोइक मात्र या वर्षी देणार नाही. शाळेनं दोन व्हिडिओ मुलाखती घेतल्या, माझ्या वर्गाचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग बघितलं आणि परवान्यासाठी लागेल तेव्हा पुढच्या वर्षी चालेल असं ईमेलवर लिहून दिलं. तो ईमेल छापून फाइलला लावलाय.
खोन केन नक्की. पाच हजार कमी आहेत, पण शाळेचं नाव, इमारत, वर्ग, खोली सगळं व्हिडिओवर बघितलंय. पदवी आज अटेस्टेशनला दिली. आईला बुंग केन नाखोनचे फोटो दाखवले. तिनं एवढंच विचारलं, पाणी किती खोल आहे.

कृष्णाकाठ
टोइकचं मला पटलेलं नाही, पण लेखी घेतलंस ते बरं केलंस. री-एंट्री परमिट विसरू नकोस.

हळद_पेठ
मसाला कधी पाठवू? पत्ता खाजगी संदेशात दे.