श्रावणात मिठाचे मांडणशिल्प टिकेल का?

प्रश्न | चित्रशिक्षक_पंचवटी

श्रावणात आमच्या शाळेच्या जुन्या दगडी दालनात विद्यार्थ्यांकडून जमिनीवर मिठाचे मोठे मांडणशिल्प करून घेण्याचा विचार आहे. मोतोई यामामोतो या जपानी कलावंताचे मिठाचे चक्रव्यूह पाहून मुलांनीच ही कल्पना मांडली. रचना महिनाभर राहावी म्हणून तिच्यावर डिंकाचे पाणी फवारावे, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद | क्षार_आणि_दगड

श्रावणात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते आणि त्यापुढे हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. नाशिकच्या पावसाळी हवेत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि ते सुमारे ३३ टक्क्यांवरच ओलावा धरते, म्हणून त्याला आधी पाणी सुटते. डिंकाच्या पाण्याने तर रेघा तिथेच विरघळून त्यांच्या ढेपा होतील. रचनेपेक्षाही मला काळजी आहे ती दालनाची, कारण खारे पाणी दगडाच्या छिद्रांत मुरते, वाळताना तिथे स्फटिक वाढतात आणि त्यांच्या दाबाने पृष्ठभागाचे पोपडे निघतात. कोरड्या थंडीत, खाली अखंड जाड प्लास्टिक अंथरून, बारीक मिठाने काम करावे.

प्रतिसाद | रंगावली

डिंकाला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. यामामोतोंची बहीण १९९४ मध्ये मेंदूच्या गाठीने गेली, त्यानंतर ते मिठाकडे वळले. जपानमध्ये अंत्यविधीनंतर शुद्धीसाठी मीठ वापरतात. दाबून मीठ सोडता येईल अशा लहान बाटलीने ते तासन्‌तास रेघा ओढतात आणि प्रदर्शन संपल्यावर प्रेक्षकांसह रचना मोडून मीठ समुद्राला परत करतात. हे मोडणे त्या कृतीचाच भाग आहे. पाडव्याला गोदाघाटावर काढलेली महारांगोळी पक्की करावी असे आपल्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही, मग मुलांना मिठाचीच रचना राखून ठेवायला का शिकवावे?

चित्रशिक्षक_पंचवटी

दोघांचे मनापासून आभार. प्रदर्शन पौष महिन्यात घेऊ आणि डिंक वापरणार नाही. शेवटी मिठाचे विसर्जन रामकुंडाजवळ गोदावरीत केले तर चालेल का?

प्रतिसाद | क्षार_आणि_दगड

कृपया तसे करू नका. गोदावरीचे पाणी गोडे आहे, आणि रामकुंडाजवळच्या संथ प्रवाहात एकदम ओतलेले मीठ तिथल्या जलचरांना बाधते. शाळेच्या बागेतही टाकू नये, कारण सोडियममुळे मातीचे कण विलग होतात, पाणी मुरेनासे होते आणि झाडे सुकतात. कोरडे मीठ झाकणाच्या पिंपात भरून पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ठेवता येईल. तसे करायचे नसेल, तर शाळेच्या सहलीबरोबर ते कोकणच्या किनाऱ्यावर न्यावे. मात्र समुद्रात सोडायचे असेल तर त्यात रांगोळीचे रंग किंवा चमकी मिसळू देऊ नका, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे लागेल.