मोजलंच नाही, तर 'मेंदूत डोपामाइन वाढलं' कसं म्हणता?

वावरवाला (दारव्हा तालुका)
माझा लहान भाऊ 24 वर्षांचा. दोन वर्षांमागे कापूस वेचणीच्या दिवसांत वावरात एकटाच बोलत बसायचा. मग म्हणायला लागला, शेजारचे मोटारपंपाच्या वायरीतून माझ्या डोक्यातलं ऐकतात. भगत म्हणाला, बाहेरचं आहे. नंतर एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं दहा मिनिटांत 'स्किझोफ्रेनिया, मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन वाढलंय' असं सांगून गोळ्या दिल्या. रक्त तपासलं नाही, काही नाही. माय विचारते, भगतानंही दाखवलं नाही अन् यांनीही नाही, मग फरक काय? माझ्याकडे उत्तर नाही. जे मोजलं नाही ते ठासून सांगू नये, असं माझं मत आहे.

सिस्टर
दादा, दोघांना एका तराजूत घालू नका. 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे औषध रुग्णांना दिलं आणि त्यांचे भास कमी झाले. ते का, हे नंतर उमगलं: ही औषधं मेंदूत डोपामाइन जिथं चिकटतं ती जागा अडवतात. जे औषध जास्त घट्ट चिकटतं, त्याचा डोस कमी लागतो. शिवाय अँफेटामाइनची नशा डोपामाइन वाढवते, आणि तिच्यामुळे धडधाकट माणसालाही असेच संशय येतात, आवाज ऐकू येतात. गावात 'हा मेंदूचा आजार आहे' हेच सांगायला हवं. नाहीतर माणूस साखळीला बांधला जातो. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली तेव्हा साखळदंडांत बांधलेले 28 जण पळता न आल्यामुळे गेले.

वावरवाला
साखळीचं पटतं. पण औषधानं कमी झालं म्हणजे कारणही तेच, असं कसं? क्रोसिननं ताप उतरतो, म्हणून क्रोसिन कमी पडलं म्हणून ताप आला असं आपण म्हणत नाही. 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नवीन औषध तर डोपामाइनची जागा अडवतच नाही.

लेक
माझ्या आईला हा आजार आहे. 'मेंदूचा आजार' हा शब्द मिळाला तेव्हा आजीनं आईला दोष देणं थांबवलं. वीस वर्षं ऐकत होतो, सून कामचुकार आहे, नाटकं करते. त्या शब्दानं घर वाचलं. पण त्याच शब्दानं माझी सोयरीक मोडली. पाहुणे म्हणाले, रक्तातच आहे. आता सांगते ते नीट वाचा. अगदी सारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात चाळीस-पन्नास, म्हणजे जनुकं तीच असून निम्मे किंवा त्याहून जास्त जण सुटतात. आई किंवा वडील आजारी असले तर शंभरातल्या साधारण नव्वद मुलांना होत नाही. 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकांतल्या 287 जागा सापडल्या, अन् एकेकीचा वाटा बारीकसा. हे पाहुण्यांना कोण सांगणार? जीवशास्त्र सांगायचं तर पुरतं सांगा, अर्धवट सांगितलं की त्याचा डाग होतो.

सिस्टर
ताई, हे मान्य. मी आजवर अर्धंच सांगत आले.

मास्तर, यवतमाळ
मूळ चूक मला वेगळीच दिसते. या आजारासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन आजही नाही, निदान लक्षणांवरूनच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत लक्षणं किमान महिनाभर हवीत, अमेरिकन निकषांत एकूण त्रास 6 महिने. रक्त तपासायचं ते दुसरं काही नाही ना हे पाहायला: थायरॉइड, बी-12, कधी मेंदूची सूज. फिट येतात का, नशा आहे का, हेही विचारायचं असतं. दहा मिनिटांत यातलं काय झालं असेल? भाऊ, तुमच्या घरच्यांना काय काय विचारलं?

वावरवाला
काहीच नाही. तो बारावीपासून गांजा ओढत होता. हे मलाच माहीत होतं, आणि मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

मास्तर, यवतमाळ
सोमवारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा आणि सगळ्यात आधी हेच सांगा. कधीपासून, किती, आवाज आधी की गांजा आधी, वहीत लिहून न्या.

सिस्टर
आणि तोवर गोळ्या मनानं बंद करू नका. रात्री अडचण आली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलतात.