चाकमूल की चाकमोल? आणि त्याला मूर्ती म्हणावं का?

प्रश्न : मेक्सिकोवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात एक दगडी पुरुष आहे. कोपरांवर रेललेला, गुडघे वर घेतलेले, मान काटकोनात वळवून बघतोय, पोटावर वाडगं धरलंय. त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन 'ओ' दिसले म्हणून मी 'चाकमूल' लिहिलं आणि पुढे 'मूर्ती'. चालेल का?

उत्तर : 'चाकमोल' लिहा. दोन 'ओ' दिसले की आपण सवयीने 'ऊ' करतो, पण तिथला उच्चार 'मोऽल' असा लांब आहे. युकातेक माया भाषेत 'चाक' म्हणजे लाल आणि 'मोल' म्हणजे श्वापदाचा पंजा. माया लोकांचा पाऊसदेव चाऽक निराळा, त्याच्याशी याची गाठ घालू नका. मुळात हे नाव जुनं नाहीच. १८७५ साली चिचेन इत्सा या जुन्या माया शहरात ऑगस्टस ल प्लाँजाँ या हौशी पुरातत्त्व संशोधकानं असा एक पुतळा उकरून काढला, त्याला तो योद्धा राजपुत्र वाटला आणि हे नाव त्यानंच दिलं. पुढे 'तुला' नावाच्या प्राचीन शहरातल्या आणि अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान इथल्या शिल्पांनाही तेच चिकटलं. घडवणारे त्याला काय म्हणत, ते नाव हरवलंय, याची मला फार रुखरुख वाटते.

'मूर्ती' मात्र खटकते. मूर्ती म्हटली की तिची पूजा आली. तेनोच्तित्लानच्या थोरल्या देवळात हा त्लालोक या पाऊसदेवाच्या गाभाऱ्यासमोर आहे, अंगावरचे रंग अजून टिकलेत. देव आत, हा दाराशी, देवासाठीचं अर्पण पोटावर घेऊन. आपली दीपलक्ष्मी आठवा. नावात लक्ष्मी असली तरी ती दिवा धरून उभी असते, गाभाऱ्यात बसत नाही. म्हणून 'अर्पणधारी शिल्प' म्हणा.

'नैवेद्य'ही नको, तो प्रसाद होऊन आपल्या ताटात परततो. अझ्टेकांच्या काही शिल्पांवरचं पात्र 'क्वाऊशिकाल्ली' आहे. क्वाऊत्ली म्हणजे गरुड, शिकाल्ली म्हणजे फळ पोखरून, सुकवून केलेलं भांडं, आपला तुंबाच. या गरुडतुंब्यात बळी दिलेल्या माणसाचं हृदय ठेवत. तिथे 'काळीज' लिहू नका, कुणाला यकृत वाटेल.

प्रश्न : मग सगळीकडे 'वाडगं' काढून 'तुंबा' करू?

उत्तर : नको. चिचेन इत्साच्या शिल्पावर नुसतं सपाट तबक आहे. तिथे 'तबक'च लिहा.