गहू सहा आठवडे बंद, मग पुन्हा सुरू: हा प्रयोग नीट कसा करायचा?

सोलापुरी_शेंगा

नमस्कार मंडळी,

आहार असा: दोन्ही वेळच्या मिळून पाच-सहा पोळ्या, सकाळच्या चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, आठवड्यातून दोनदा उपमा. तक्रार एकच. दुपारनंतर पोट टम्म फुगतं ते रात्रीपर्यंत. वजन स्थिर आहे, जुलाब नाहीत.

ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, बंद करून बघायचंय, पण 'पंधरा दिवस पोळी सोडा, हलकं वाटेल' एवढ्यावर भागवायचं नाही. हलकं वाटलं तर ते ग्लुटेन गेल्यामुळे की खारी गेल्यामुळे, हे कसं कळणार? म्हणून विचारतोय:

१) बंद किती दिवस ठेवायचं?
२) पोळी-पाव सोडून गहू आणखी कशाकशात दडलेला असतो?
३) पुन्हा सुरू करताना किती खायचं, आणि निकाल कसा वाचायचा?

पाचक

तीनही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न राहिला. पोळी सोडण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. निम्मे लोक इथेच चुकतात आणि नंतर ते निस्तरणं फार कटकटीचं होतं.

सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन खाल्लं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. तो आहे का हे बघायला टीटीजी-आयजीए ही रक्तातली प्रतिद्रव्यं मोजणारी तपासणी करतात. सोबत एकूण आयजीए (या प्रकारची सगळी प्रतिद्रव्यं) मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी आजार असूनही 'निगेटिव्ह' येते. टीटीजीची प्रतिद्रव्यं ग्लुटेन पोटात जात असेल तरच तयार होतात. खाणं थांबवलं की काही महिन्यांत ती उतरतात, आणि मग तपासणीसाठी पुन्हा गहू खायला लागतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन, तेही किमान ६ आठवडे. ज्यांना खरंच त्रास होतो त्यांच्यासाठी ही शिक्षाच.

तुमची आत्ताची स्थिती तपासणीला अगदी योग्य आहे. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. पाच-सहा पोळ्या म्हणजे १२ ते १५ ग्रॅम झालं. या आठवड्यात रक्त द्या, अहवाल आला की प्रयोग सुरू करा.

ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांच्यासाठी एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकीय तपासणी आहे. तिला खाण्याशी देणंघेणं नाही. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही ती सर्रास आढळतात. आणि 'दोनशे पदार्थांची इन्टॉलरन्स चाचणी' म्हणून आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांची पॅकेजं विकतात, त्यात पैसे घालू नका. आयजीजी वाढलं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घरच्या घरी हा प्रयोग कुणी करू नये, तेही सांगतो. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, वजन उतरतंय, शौचात रक्त आहे, जुलाबाने रात्री जाग येते, टाइप १ मधुमेह आहे, आईवडील-भावंडं-मुलं यांपैकी कुणाला सिलिअ‍ॅक आहे. लहान मुलं आणि गरोदर बायकाही यातच. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप असं होत असेल, विशेषतः जेवून लगेच पळायला किंवा व्यायामाला गेल्यावर, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे 'पुन्हा खाऊन बघू' हा प्रकार घरी करायचाच नाही.

घरगुती_जातं

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेते.

पोळी, पाव, बिस्किटं, रवा, शेवया, लापशी, नान हे सगळ्यांना माहीत असतं. फसवतात ती आपली मराठी डब्यांतली पिठं. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण विकतची असेल तर पाकीट वाचा. मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालतात. सातूचं पीठ म्हणजे गहू किंवा जव आणि डाळं. जव आला की ग्लुटेन आलं, म्हणून माल्ट घातलेली दुधात घालायची पावडर आणि बिअरही बाद. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये गहू असतो. कोथिंबीर वडी, कोबीची भजी 'खुटखुटीत' व्हावी म्हणून त्यात रवा किंवा कणीक ढकलतात. उकडीचे मोदक चालतील, तळणीचे नाहीत.

कुरडईबद्दल हमखास विचारतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून चीक काढला की चिवट भाग बराचसा चोथ्यात जातो, हे खरं. बराचसा म्हणजे सगळा नव्हे. प्रयोगाच्या काळात कुरडई नको.

हिंगाचं म्हणाल तर बांधानी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो. चिमूटभर हिंग पाव ग्रॅम धरा, त्यात अर्धा मैदा धरा, तर ग्लुटेन १० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. सिलिअ‍ॅक असेल तर रोजचे हे १० मिलिग्रॅमही मोजायचे. तुमच्या प्रयोगात त्याने फरक पडणार नाही, पण तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तोच आणा आणि विषय संपवा.

आता गिरणी. गव्हाच्या दळणावर तुमची ज्वारी टाकली की पाट्यांत आणि पिशवीत राहिलेली कणीक तुमच्या डब्यात येते. आपल्याकडे 'ग्लुटेनमुक्त' लिहायला किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा गाठली! गिरणीवाल्याला 'ज्वारीवर ज्वारी टाका' सांगा, किंवा तांदळाच्या दळणानंतर नंबर लावा, आणि पहिलं अर्धा किलो पीठ घरात गहू खाणाऱ्यांसाठी वेगळं काढा. सिलिअ‍ॅकवाल्यांनी मात्र घरघंटीच घ्यावी, तीही गव्हाला न लावलेली.

ज्वारी एकदम दहा किलो दळून आणू नका. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते. मग घरातलं कुणीतरी प्रेमाने त्यात मूठभर कणीक घालतं आणि तुम्हाला सांगतसुद्धा नाही. आठवड्याचंच दळा. विरी गेलीच तर निम्मं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

एक धोका उलट्या बाजूने येतो. पोळी सुटली की लोक पिठलं, धिरडी, बेसनाच्या वड्या यांवर येतात. हरभऱ्याने गॅस होतो तो होतोच, आणि मग 'ग्लुटेन सोडूनही फरक नाही' म्हणतात. बेसन आधी जेवढं खात होता तेवढंच ठेवा. नुसत्या भातावरही राहू नका, चार दिवसांत पोट साफ होईना म्हणून नवीच तक्रार सुरू होते. पाच पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आणि थोडा भात हा हिशेब बरा.

सोलापुरी_शेंगा

पाचक, जातंताई, आभार. टीटीजीसाठी उद्याच जातो. अहवाल स्वच्छ आला असं धरून पुढचं विचारतो. पुन्हा सुरू करताना समोर पोळी दिसली की पोट मनानेच फुगणार. यावर घरी करता येण्यासारखा काही इलाज आहे का?

तिसरी_घंटा

आहे. २०१५ साली तज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली, सालेर्नो निकष म्हणतात तिला. ६ आठवडे ग्लुटेन पूर्ण बंद. मग एक आठवडा रोज ८ ग्रॅम ग्लुटेन किंवा तसंच दिसणारं खोटं काहीतरी, मध्ये एक आठवडा दोन्ही नाही, मग एक आठवडा उरलेलं. कुठल्या आठवड्यात काय, हे खाणाऱ्याला आणि नोंद घेणाऱ्याला माहीत नसतं. मूळ पद्धत दवाखान्यातली आहे, तिचा घरगुती अवतार लाडवांचा.

व्हायटल ग्लुटेन म्हणून गव्हातलं वेगळं काढलेलं ग्लुटेन पावडरीत मिळतं. त्यात साधारण ७५ टक्के प्रथिनं असतात, म्हणून ८ ग्रॅमसाठी ११ ग्रॅम पावडर धरायची. सात दिवसांचे ७७ ग्रॅम.

अ घाणा: भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट २१० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ १४० ग्रॅम, व्हायटल ग्लुटेन ७७ ग्रॅम, पातळ तूप दोन मोठे चमचे, सुंठ एक चमचा. लाडू १४, रोज दोन.
ब घाणा: सगळं तेच, ग्लुटेनऐवजी मंद भाजून गार केलेलं तांदळाचं पीठ ७७ ग्रॅम.

कुठे बिघडतं ते आधी ऐका. गुळाचा पाक करायचा नाही, दुधाचा हात लावायचा नाही. ग्लुटेनला ओल मिळाली की त्याचं रबर होतं आणि लाडू चावताक्षणी ओळखू येतो. सगळं कोरडं मिसळून, मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन तुपावर वळायचं. दुसरीकडे तांदळाचं पीठ दातांखाली कचकचतं, म्हणून ते वस्त्रगाळ हवं. सुंठ वासासाठी आहे, ग्लुटेनला स्वतःचा एक कणकेसारखा वास असतो. खजूर घालू नका, त्याने काहींना आपोआपच गॅस होतो. तयार झाल्यावर घरातल्या तिसऱ्याच माणसाला दोन्ही चाखायला द्या. त्याला ओळखू आले तर घाणा पुन्हा करा, नाहीतर सगळी मेहनत वाया.

लाडू करणाऱ्याने नाणं उडवायचं: छापा आला तर ग्लुटेन आधी, काटा आला तर नंतर. डब्यांवर फक्त १ आणि २. चिठ्ठी लिहून पाकीट बंद करायचं आणि ते शेजारी ठेवायला द्यायचं. लाडू करणाऱ्याने रोज 'आज पोट कसंय?' विचारायचं नाही, चेहरा बोलून जातो.

नोंद रोज रात्री ठरलेल्या वेळी. सगळ्यात जास्त छळणाऱ्या तीनच तक्रारी निवडा, प्रत्येकीला १ ते १० गुण. उदाहरणार्थ फुगणं, दुखणं, थकवा. दहा तक्रारी लिहिल्या तर एखादी योगायोगानेही वर जाते. ग्लुटेनच्या आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्यापेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त हवी, त्याखालचा फरक सोडून द्या.

एका फेरीत समाधान मानू नका. ग्लुटेनचा आठवडा नुसत्या नशिबानेही निम्म्या वेळा वाईट निघेल. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा तोच वाईट निघण्याची योगायोगाची शक्यता आठात एक उरते. तीन फेऱ्यांना वेळ लागतो हे मान्य, पण गहू जन्मभर सोडायचा की नाही हे ठरवताय.

आणि हो, पहिल्या ६ आठवड्यांत दुसरं काही बदलू नका. चहा, दूध, जेवणाची वेळ, सगळं तसंच. खारी सोडावी लागेल, तर तिच्या जागी तेवढंच तळकट-तुपकट काहीतरी गहू नसलेलं घ्या, म्हणजे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मिळेल. गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळा. अ‍ॅन्टिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर महिनाभर थांबा. पाळीच्या दिवसांत पोट फुगतं, तेव्हा बायकांनी दोन्ही आठवडे चक्राच्या त्याच टप्प्यावर धरावेत.

शंकासुर

लाडवांनी काहीच झालं नाही आणि पोळीने होतंय, असा निकाल आला तर चक्रावू नका. तो उपयोगाचा निकाल आहे. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टन नावाची साखळी-साखर असते, पिठाच्या साधारण १ ते २ टक्के. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते, म्हणून फुगतं. व्हायटल ग्लुटेन धुऊन काढलेलं असतं, त्यात ती नावापुरतीच उरते.

नॉर्वेत ५९ जणांवर याचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे स्वतःच्या मनाने ग्लुटेन सोडलेले, सिलिअ‍ॅक नसलेले. त्यांना ग्लुटेन, फ्रुक्टन आणि नुसत्याच अशा तीन प्रकारच्या वड्या आठवडा-आठवडा दिल्या. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टनने झाला, १३ जणांना ग्लुटेनने आणि २२ जणांना चक्क नुसत्या वडीने!

म्हणून कांदा-लसणाकडे बघा, त्यात फ्रुक्टन भरपूर असतं. लाडवांच्या आठवड्यांत कांदा-लसूण जमल्यास बंदच ठेवा. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, पांढरा भाग नाही. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, तेव्हा लसूण फोडणीत ठेचून परता आणि पाकळ्या काढून टाका, चव राहते. भाजीला पाणी घालण्याआधी काढा पण, नाहीतर ते पाण्यात उतरतंच.

पोह्यांवर_शेव

एवढा खटाटोप कशाला? खपलीची पोळी खा. खपलीत ग्लुटेन नसतं.

घरगुती_जातं

असतं. खपली गहूच आहे. तिचं ग्लुटेन तेवढं ताणलं जात नाही, म्हणून पोळी लाटताना फाटते आणि लोकांना वाटतं ग्लुटेनच नाही. सिलिअ‍ॅक असलेल्याला खपलीही वर्ज्य.

शेंगा, तुमच्या निकालात ग्लुटेन दोषी ठरलंच तर एकदम आयुष्यातून काढू नका. तब्येत पूर्ववत झाली की अर्ध्या पोळीने सुरुवात करा, तीन दिवस. मग एक, मग दोन, प्रत्येक पायरीला तीन दिवस, आणि तेच तीन गुण रोज रात्री. जिथे आकडे चढतात त्याच्या एक पायरी खाली थांबा. काही जणांना दिवसाला एक पोळी बिनतक्रार पचते, आणि मग लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी सोडायची वेळ येत नाही. मात्र टीटीजी वाढलेली आली असेल तर हे पायऱ्यांचं प्रकरण विसरा आणि तडक पोटविकारतज्ज्ञांकडे जा. एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी चालू ठेवा.