आयर्लंड सुटलं ते बंदुकीने की बहिष्काराने?

माळरान: आयर्लंड म्हटलं की लगेच १९१६ चा ईस्टर उठाव, बंदुका वगैरे. माझ्या मते इंग्रजांची पकड ३६ वर्षं आधीच ढिली झाली होती. १८८० ला मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा एजंट, खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना हुसकायला निघाला. आयरिश पुढारी पार्नेलने नुकतंच एनिस गावच्या सभेत सांगितलेलं, मारू नका, वाळीत टाका. झालं, गडी गेले, लोहार नाल ठोकेना, दुकानदार सामान देईना, टपालसुद्धा पोचेना. शेवटी बटाटे नि सलगम काढायला अल्स्टरहून, म्हणजे उत्तरेच्या इंग्रजधार्जिण्या प्रांतातून, ५० माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई! पीक ५०० पौंडाचं, खर्च १० हजाराच्या आसपास.

तिरकस: गोष्ट झकास, पण त्याने एजंट हलला, राज्य नाही. होमरूलचा, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याचा, कायदा १९१४ ला पास होऊनही युद्धाचं निमित्त काढून गुंडाळून ठेवला, आणि त्याच वर्षी होमरूल नको म्हणणाऱ्या अल्स्टरवाल्यांनी लार्न बंदरात राजरोस रायफली उतरवल्या तर कुणी हात लावला नाही, मग सनदशीर माणसाने यातून काय शिकायचं? १९१६ ला डब्लिनची पब्लिक आधी बंडवाल्यांवरच चिडलेली, मान्य, पण मे महिन्यात इंग्रजांनी बंडाच्या एकेका पुढाऱ्याला गोळ्या घातल्या, जखमी कॉनोलीला उभं राहता येईना तर खुर्चीला बांधून, तिथे वारं फिरलं.

माळरान: अहो मग ते इंग्रजांच्या मूर्खपणाने फिरलं ना! १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाला आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा मिळाल्या त्यात सक्तीच्या लष्करभरतीचा राग केवढा होता. आणि १९२० ला रेल्वेवाले इंग्रज फौजेच्या दारूगोळ्याच्या गाड्या हलवेनात, नोकऱ्या गेल्या तरी कित्येक महिने. हा बॉयकॉटच की.

तिरकस: गाड्या अडल्या म्हणून फौज लॉऱ्यांनी निघाली, आणि त्या लॉऱ्यांवर बंदुका घेऊन कोण टपून बसलेलं तेही लिहा की राव.

गोदाकाठ: दोघंही उत्तरेचे सहा परगणे, म्हणजे आजचं उत्तर आयर्लंड, विसरलात. १९२१ च्या इंग्रज-आयरिश तहानंतरही ते इंग्रजांकडेच राहिले, ना याने सुटले ना त्याने. बाकी टिळकांनी १९१६ ला होमरूल लीग काढली तो शब्द आयर्लंडचाच, आणि चतुःसूत्रीत बहिष्कार आधीपासून होताच, म्हणून माळरान यांना अर्धा मार्क जास्त.

तिरकस: टिळक आले म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. चहा टाकतो.